नियम एकाच पुस्तकात का हवेत

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका वठवण्याचा खेळ तीन छोट्या पुस्तिकांत आला आणि पुढे फुगतच गेला. पेट्या निघाल्या, पुरवण्या निघाल्या, खेळाडूंचं पुस्तक वेगळं, राक्षसांचं वेगळं. १९९१ मध्ये अ‍ॅरन ऑलस्टन यांनी आधीच्या दशकातल्या चार पेट्यांचे नियम एकत्र लावून ३०४ पानांचा 'रूल्स सायक्लोपीडिया' तयार केला. पहिल्या लेव्हलच्या नवख्यापासून ३६व्या लेव्हलपर्यंत, राज्यकारभार आणि सैन्याच्या लढायांसकट, सगळं त्यात आहे. २०१९ मध्ये गॅव्हिन नॉर्मन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८१च्या नियमांवरून 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' रचलं. त्याचाही एकत्रित ग्रंथ निघाला. या ग्रंथांची ओढ म्हणजे केवळ स्मरणरंजन, हे मत मला मान्य नाही.

जुन्या पठडीच्या खेळात नियम एकमेकांच्या आधाराने उभे असतात. १९८१चेच नियम घ्या. भुयारातली एक फेरी १० मिनिटांची, आणि मशाल सहा फेऱ्या जळते. पाठीवर ओझं वाढलं की चाल मंदावते, तेवढ्याच वाटेला जास्त फेऱ्या लागतात. दर दोन फेऱ्यांनी रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा, सहा बाजूंचा फासा टाकतो. एक पडला की काहीतरी समोर येतं. ते अंगावरच येईल असंही नाही: दोन फाशांची बेरीज २ आली तर हल्ला, १२ आली तर मैत्री, मधे बऱ्याच छटा. अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या धनाचे मिळतात, म्हणून सोन्याचं पोतं टाकवतही नाही, आणि त्याच पोत्यापायी वाटेत मशाल विझते. नियम चार ठिकाणी विखुरले की आधी ओझ्याचा हिशोब सुटतो, मग मशालीचा, आणि उरते नुसती मारामारी.

पीडीएफमध्ये सगळं शोधता येतं, मग ग्रंथ कशाला, असं विचारलं जातं. शोधून हवा तो नियम सापडतो, पण त्याला लागून असलेला दुसरा नियम आपल्याला हवा आहे हेच आधी ठाऊक नसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नॉर्मन यांचेच नियम पाच पातळ पुस्तकांच्या पेटीतही मिळतात, आणि टेबलावर एकाने मंत्र, दुसऱ्याने राक्षस पाहायला ती सोयीची पडतात. हे खरंच आहे. मात्र ती पेटी म्हणजे पूर्ण झालेल्या ग्रंथाचेच भाग. पुढची पुरवणी आल्याशिवाय खेळ अडत नाही. मुद्दा बांधणीचा कमी, संपूर्णतेचा जास्त. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात, वळसारख्या गावी, शिफ्ट सुटल्यावर चौघांना मिळून खेळायला दोन-अडीच तास मिळणार. त्यांनी आधी तीन महागडी आयात पुस्तकं घ्यावीत, ही अपेक्षाच चुकीची आहे.

'सायक्लोपीडिया'त एक मोठी उणीव आहे: तो शिकवत नाही. बारीक टायपातले तक्ते नवख्याला दमवतात. त्या चार पेट्यांपैकी पहिल्या, १९८३च्या लाल पेटीत फ्रँक मेंट्झर यांनी वाचकाला आधी एकट्याने एक साहस खेळायला लावलं होतं, नियम त्या ओघात येत गेले. मराठीत असा ग्रंथ करायचा झाला तर पहिली वीस पानं तशा प्रसंगाला द्यावीत, आणि त्यात मशाल एकदा तरी विझावी.