गुंगीखालील आतड्याची तपासणी आणि नेत्रदाब : सरासरीच्या निष्कर्षांची चिकित्सा

प्रास्ताविक

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून केली जाणारी तपासणी, म्हणजेच कोलोनोस्कोपी, आज जगभर नित्याची झाली आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे वुल्फ आणि शिन्या यांनी या दुर्बिणीतून आतड्यातील पॉलिप काढून दाखविल्यानंतर ती केवळ निदानाची न राहता उपचाराचीही पद्धत ठरली. अमेरिकेत २०२१ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाळणी तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणण्याची शिफारस झाली. भारतात अशी सरसकट मोहीम नाही. येथे ही तपासणी बहुधा शौचावाटे रक्तस्राव, रक्तक्षय, वजन घटणे अशा लक्षणांमुळेच केली जाते. म्हणून येथे ती टाळणे किंवा लांबविणे अधिक महागात पडू शकते.

तपासणी सुसह्य व्हावी म्हणून रुग्णाला गुंगीचे औषध देतात. या गुंगीचा व तपासणीचा डोळ्यातील दाबावर काय परिणाम होतो, हा प्रश्न काचबिंदूच्या रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर ज्या पद्धतीने शोधले जाते, ती पद्धत कितपत पुरेशी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नेत्रदाब कशावर अवलंबून असतो?

डोळ्याच्या पुढील भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो व सतत बाहेर वाहून जातो. द्रवनिर्मितीचा वेग, निचऱ्याची सुलभता आणि डोळ्याबाहेरील शिरांतील दाब या तीन घटकांवर नेत्रदाब ठरतो, असे गोल्डमन यांचे सूत्र सांगते. सामान्यतः हा दाब १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो.

कोलोनोस्कोपीच्या वेळी या घटकांवर परस्परविरोधी प्रभाव पडतात. प्रोपोफॉलसारखे औषध नेत्रदाब कमी करते. याउलट आडवे झाल्याने तो काही अंशी वाढतो. आणि कुशीवर झोपल्यास खालच्या बाजूचा डोळा वरच्या डोळ्यापेक्षा अधिक दाब सोसतो. ही तपासणी बहुधा डाव्या कुशीवर सुरू होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. गुंगी अपुरी असल्यास रुग्ण कण्हतो, कुंथतो आणि दाब चढतो. गुंगी अधिक झाल्यास श्वसन मंदावते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्यामुळेही दाब चढू शकतो. तेव्हा अंतिम आकडा हा एका कारणाचा परिणाम नसून अनेक प्रभावांची बेरीज-वजाबाकी असते.

तपासणीपूर्वी आतडे साफ करण्यासाठी २ ते ४ लिटर द्रावण प्यावे लागते. काचबिंदूच्या अभ्यासात १ लिटर पाणी झटपट पाजून दाब किती वाढतो हे पाहण्याची चाचणी प्रसिद्ध आहे. तिच्या आधारे या द्रावणानेही दाब वाढेल, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु ते सयुक्तिक नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण आतड्यात फारसे शोषले न जाता बाहेर पडावे, अशाच रीतीने तयार केलेले असते. साधे पाणी मात्र रक्तात मिसळते. पोटात गेलेल्या द्रवाचे माप सारखे असले, तरी शरीरावरील परिणाम सारखा नसतो.

सरासरीची मर्यादा

अशा अभ्यासाची परिचित मांडणी अशी असते : गुंगीपूर्वी, गुंगीनंतर आणि तपासणीच्या अखेरीस दाब मोजावा, सरासरी काढावी व तिच्यातील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण आहे का ते पाहावे. ही मांडणी सुटसुटीत असली तरी तिच्यात तीन उणिवा संभवतात.

पहिली उणीव सरासरीचीच आहे. समजा, १० डोळ्यांपैकी ९ डोळ्यांचा दाब ३ मिलिमीटरने उतरला आणि एका डोळ्याचा १७ मिलिमीटरने चढला. सरासरी दाब १ मिलिमीटरने कमी झाला असेच उत्तर येईल. ज्या एका डोळ्यासाठी हा खटाटोप करावयाचा, तोच सरासरीत हरवतो. दोन्ही डोळ्यांची सरासरी एकत्र काढल्यास खालच्या बाजूच्या डोळ्याची वाढही अशीच झाकली जाते.

दुसरी उणीव नमुन्याच्या आकाराची आहे. ६० रुग्णांत एकही दुर्घटना आढळली नाही, म्हणून दुर्घटनेची शक्यता शून्य ठरत नाही. संख्याशास्त्राच्या प्रचलित नियमानुसार, ९५ टक्के विश्वासमर्यादेत, खरे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंतही असू शकते. शिवाय निरोगी डोळ्यांवरून काढलेला निष्कर्ष काचबिंदूने जर्जर झालेल्या डोळ्यांना जसाच्या तसा लागू करता येत नाही.

तिसरी उणीव अधिक मूलगामी आहे. दाब उतरला म्हणजे डोळा सुरक्षित राहिला, असे गृहीत धरले जाते. दृष्टीच्या मज्जातंतूला मिळणारा रक्तपुरवठा मात्र रक्तदाब आणि नेत्रदाब यांच्यातील फरकावर अवलंबून असतो. ढोबळ हिशेब करू. सरासरी रक्तदाब ९५ व नेत्रदाब १६ असताना हा फरक ७९ येतो. गुंगीमुळे रक्तदाब ६५ वर आणि नेत्रदाब १२ वर आल्यास तो ५३ वर येतो. नेत्रदाब ४ ने सुधारला, पण रक्त पोचविणारा जोर २६ ने घटला. अल्पकाळासाठी हे बहुतेकांना बाधत नाही. तथापि मज्जातंतू आधीच दुबळा झालेल्या रुग्णाच्या बाबतीत केवळ नेत्रदाबाचा आकडा देणे म्हणजे जमाखर्चाची एकच बाजू दाखविणे होय.

शेवटच्या मोजणीनंतरचा धोका

आतड्याची आकुंचने थांबविण्यासाठी तपासणीच्या वेळी अनेक ठिकाणी हायोसिन ब्युटिलब्रोमाइडचे इंजेक्शन देतात. या औषधाने डोळ्याची बाहुली विस्फारू शकते. ज्याच्या डोळ्यातील निचऱ्याचा कोन मुळातच अरुंद आहे, त्याचा कोन अशा वेळी बंद होऊन दाब एकाएकी ४० च्याही वर जाऊ शकतो. डोळा लाल होणे, तीव्र वेदना, धूसर दिसणे, दिव्याभोवती वलये, डोकेदुखी व उलटी ही त्याची लक्षणे होत. हा झटका रुग्ण घरी पोचल्यानंतर काही तासांनीही येऊ शकतो. तपासणी संपताच थांबणाऱ्या मोजणीला तो दिसणारच नाही. उलटी व डोकेदुखीचे खापर गुंगीवर फुटून मौल्यवान वेळही वाया जाऊ शकतो.

या धोक्यावरचा रूढ उपाय म्हणजे तपासणीपूर्वी ‘काचबिंदू आहे काय?’ असे विचारणे. भारतीय परिस्थितीत हा प्रश्न अपुरा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख व्यक्तींना काचबिंदू असावा, तर कोन अरुंद वा बंद होण्याशी निगडित असलेल्या विकाराच्या विविध अवस्थांत सुमारे २ कोटी ७६ लाख व्यक्ती असाव्यात. दक्षिण भारतातील लोकसंख्याधारित पाहण्यांत आढळलेल्या काचबिंदूच्या रुग्णांपैकी दहातल्या नऊ जणांना आपल्या विकाराची कल्पनाच नव्हती. म्हणजे खरा धोका असणारी व्यक्ती ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर देते. उलट ‘होय’ म्हणणाऱ्याचा काचबिंदू बहुधा खुल्या कोनाचा व औषधोपचाराखालील असतो. किंवा त्याच्यावर लेसरने छिद्र पाडण्याचा उपचार अथवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्याने कोन बंद होण्याचा धोका बराच कमी झालेला असतो. ज्याला तपासणी निर्धास्तपणे करता आली असती तो अडतो आणि ज्याला सावध करावयास हवे तो निसटतो.

समारोप

कोलोनोस्कोपी व गुंगी यांमुळे काचबिंदूच्या रुग्णाने तपासणी नाकारावी, असा निष्कर्ष वरील विवेचनातून निघत नाही. आतड्याच्या कर्करोगाचे निदान लांबणे हे नेत्रदाबातील तात्पुरत्या चढउतारापेक्षा निश्चितच गंभीर आहे. मात्र ‘सरासरी दाब वाढत नाही’ या विधानावर विसंबून राहणेही योग्य नाही. पुढील अभ्यासांत प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र नोंद, रक्तदाबासह नेत्रदाबाचा विचार, काचबिंदूच्या रुग्णांचा समावेश आणि घरी गेल्यानंतरची विचारपूस यांना स्थान मिळावयास हवे.

व्यवहारात तर फारसा खर्च न करता दोन गोष्टी करता येतील. ‘काही घ्यायचे नाही’ या सूचनेतून रुग्णाने डोळ्यांचे थेंबही बंद करू नयेत, हे त्याला स्पष्ट सांगावे. आणि इंजेक्शन दिलेल्या प्रत्येकाला, काचबिंदू असो वा नसो, घरी पाठविताना लेखी सूचना द्यावी : डोळा लाल होऊन दुखू लागल्यास व धूसर दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. एका ओळीची ही सूचना अनेक मोजण्यांच्या सरासरीपेक्षा एखाद्याची दृष्टी वाचविण्यास अधिक उपयोगी ठरेल.