मराठी आत्मकथनांतील सोसणे आणि चिकाटी : एक पुनर्विचार

मराठी आत्मकथनांच्या समीक्षेत ‘सोशीकपणा’, ‘जिद्द’ व ‘चिकाटी’ हे शब्द बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून योजले जातात. परीक्षेसाठीच्या विवेचनात तर हे हमखास घडते. वस्तुतः सोसणे म्हणजे वाट्याला आलेले दुःख निभावून नेणे. चिकाटी म्हणजे स्वतः निवडलेल्या कामाला धरून राहणे. पहिल्यात निवडीला वाव नसतो. हा भेद पुसला गेला की सोसायला लावणारी व्यवस्था नजरेआड होते आणि सोसणाऱ्याचा गौरव तेवढा उरतो. प्रस्तुत लेखात तीन कृतींच्या आधारे या भेदाचा विचार केला आहे.

आनंद यादव यांची ‘झोंबी’ (1987) ही चिकाटीची कथा म्हणून सर्वपरिचित आहे. वडिलांनी शाळेतून काढून मळ्यात जुंपलेला मुलगा आईला सोबत घेऊन दत्ताजीराव देसायांकडे जातो. त्यांच्या दरडावणीमुळे वडील राजी होतात, पण अटी घालूनच. सकाळी अकरापर्यंत मळ्यात राबायचे, तेथूनच शाळेला जायचे, शाळा सुटल्यावर गुरे चारायची आणि मळ्यात काम अधिक असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. मुलगा हे सर्व पत्करतो, कारण त्यापलीकडे त्याला काही दिसत असते. आईला तसे काहीच दिसत नाही. मळ्यातील कष्ट, बाळंतपणे व नवऱ्याची दहशत यांतून तिची सुटका नाही. मुलाच्या चिकाटीला तिच्या सोसण्याचा आधार आहे, तरी समीक्षेत ‘जिद्द’ मुलाच्या नावावर जमा होते आणि आईला ‘सोशीक’ हे विशेषण मिळते. शब्दांची ही वाटणी निरागस म्हणता येणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (1934 पासून भागशः प्रसिद्ध) या आत्मचरित्राबाबत अडचण निराळी आहे. वडिलांचे पराकोटीचे सोवळे व पतीचा तापट स्वभाव यांचे चित्रण त्या हसत हसत करतात, म्हणून त्यांचा विनोद सोशीकतेचे लक्षण मानला गेला. परंतु हा विनोद माणसांना जोखणारा आहे. टिळकांच्या धर्मांतरानंतर (1895) त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. जातिभेदाविषयी स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे सोसणे संपून निर्णय सुरू होतो.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (1986) या आत्मकथनात मात्र सोसण्याला गौरवाचा स्पर्शही होऊ दिलेला नाही. सासर सोडून पळू पाहणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवला जाई, हे लेखिका आडपडदा न ठेवता सांगते. जातीने पिचलेला समाज आपल्याच घरातील सुनांना कसा पिचतो, हे दाखविताना ती स्वकीयांनाही सोडत नाही. अशा प्रसंगांना ‘दलित स्त्रीची सहनशीलता’ असे शीर्षक देणारी समीक्षा खोड्याविषयी बोलायचे टाळते. फलटणला किराणा दुकान सांभाळत, सामान बांधायला आलेल्या रद्दीतील वर्तमानपत्रे वाचत बेबीताईंनी आपले वाचन टिकवले. पुढे त्या लिहू लागल्या आणि ते लिखाण सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून दडवून ठेवले. चिकाटी हा शब्द या लपविलेल्या कागदांना लागू पडतो. त्यांत वर्णिलेल्या यातनांना नव्हे.