माजघर, दिवाणखाना आणि आमची स्टाफरूम

परदेशातल्या मराठी मंडळांच्या अंकांतून आखाती देशांतल्या शाळांविषयी जे लेख येतात, त्यांची दोन वळणे ठरलेली असतात. पहिल्या वळणाचा लेख हळहळतो. मुलामुलींच्या शाळा वेगळ्या, शिक्षक-शिक्षिकांच्या इमारती वेगळ्या, काय हा मागासलेपणा, असे म्हणून तो पुण्यामुंबईकडे अभिमानाने बघतो. दुसऱ्या वळणाचा लेख समाधान मानतो. बाईमाणसाला किती सुरक्षित, कुणाचा त्रास नाही, आपली मुलगीही बिनघोर, असे म्हणून तो पगाराच्या आकड्याकडे वळतो. दोन्ही लेख वाचनीय असतात, पण एक गोष्ट दोघांतही नसते. ती म्हणजे काम. वेगळ्या ठेवलेल्या जागेत रोज उठून काम करायचे म्हणजे नेमके काय होते, कशाची सोय होते आणि कशाची किंमत मोजावी लागते, हे त्यात सापडत नाही.

मी कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत, मुलींच्या विभागात, सोळा वर्षे गणित शिकवते आहे. भिंतीच्या पलीकडे मुलांचा विभाग. तिथेही तेच सीबीएसईचे पुस्तक, तोच धडा, तीच परीक्षा. पलीकडे अकरावी-बारावीला गणित शिकवणारे एक अनुभवी सर होते. आम्ही दोघांनी मिळून नऊ वर्षे प्रश्नपत्रिका काढल्या. प्रत्यक्ष भेट वर्षातून दोनदा, तीही पाचपंचवीस माणसांच्या सभेत. बाकी सारा व्यवहार बंद पाकिटातून, फराशाच्या हातून. एका बेरजेतली चूक दुरुस्त व्हायला कधी तीन दिवस लागत. हे सांगून दया मागायची नाही. चर्चा कामाच्या पातळीवर यावी, एवढाच हेतू.

पहिली गोष्ट अशी, की ही भिंत ‘अनादी काळापासूनची’ नाही. कुवेतमधली पहिली आधुनिक शाळा, मुबारकिया, 1911 सालची, मुलांची. मुलींची पहिली सरकारी शाळा 1937 साली निघाली आणि तिथे शिकवायला पॅलेस्टाईनहून शिक्षिका आल्या. पुढे पन्नासएक वर्षे इथल्या शाळा मोठ्या प्रमाणात पॅलेस्टिनी शिक्षकांच्या बळावर चालल्या. 1990 च्या आक्रमणानंतर आणि 1991 च्या मुक्तीनंतर तो सारा समाज इथून जवळजवळ निघून गेला. कुवेत विद्यापीठ सुरू झाले 1966 साली. तिथे मुलेमुली एका वर्गात बसत असत. त्यांना वेगळे करण्याचा कायदा संसदेने केला तो 1996 साली, आणि अंमलबजावणीला पाच वर्षांची मुदत दिली. म्हणजे ज्यांच्या आया मिश्र वर्गात शिकल्या, अशा मुली वेगळ्या वर्गात बसल्या. 2015 साली घटनात्मक न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, पण वेगळ्या इमारतीच हव्यात असे नाही, एका वर्गात वेगळी आसने असली तरी चालेल, असा त्याचा अर्थ लावला. 2023 साली मिश्र वर्ग रद्द करण्याच्या निर्णयाविरुद्ध विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. आणि याच देशात 2005 साली बायकांना मताचा हक्क मिळाला, 2009 साली चार बायका संसदेवर निवडून आल्या. त्यांतल्या मासूमा अल्-मुबारक या कुवेत विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत होत्या. तेव्हा ‘इथले लोक असेच’ हे वाक्य आपण सोडून द्यावे. भिंत कधी, कुणी आणि कोणत्या राजकारणातून बांधली, याला तारखा आहेत.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. मुलींची वेगळी शाळा ही कल्पना आपल्याला परकी नाही. उलट महाराष्ट्रातले स्त्रीशिक्षण तिच्याच खांद्यावर उभे राहिले. 1848 साली भिडेवाड्यात फुले दांपत्याने काढलेली शाळा मुलींची. 1884 ची हुजूरपागा मुलींची. अण्णासाहेब कर्व्यांचा 1896 चा आश्रम, 1907 चे महिला विद्यालय आणि 1916 चे महिला विद्यापीठ, सगळी बायकांची. याला विरोध करणारेही दोन प्रकारचे होते. आगरकरांचे म्हणणे, शिक्षण एकच द्यावे आणि एकत्रच द्यावे. टिळकांची तक्रार निराळी होती. मुलींना दिवसभर शाळेत बसवून इंग्रजी वळणाचे शिक्षण दिले तर घरच्या कामाचे काय होणार, ही त्यांची चिंता. एक म्हणत होते भिंत नको, दुसरे म्हणत होते भिंतीआड इतके कशाला शिकवता. आज आखातावर लिहिताना आपण आगरकरांचा आव आणतो. आपल्या मुलींची घरी यायची वेळ ठरवताना मात्र टिळकांची बाजू घेतो.

या संदर्भात मला एका पुस्तकाबद्दल सविस्तर लिहायचे आहे, कारण इथल्या स्टाफरूममध्ये बसून वाचल्यावर ते मला वेगळे दिसले. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, 1910 साली प्रसिद्ध झालेले. आपल्याकडे हे पुस्तक एका आदर्श संसाराची कथा म्हणून वाचले जाते. अकरा वर्षांची अशिक्षित मुलगी, एकतीस वर्षांचा विद्वान नवरा, आणि त्याने तिला शिकवून मोठे केले, ही गोष्ट. नाटक-मालिकांनी ती आणखी गोड केली. पण पुस्तकातला खरा ताण नवरा-बायकोत नाही. तो माजघरात आहे. रमाबाई शिकतात याचा राग घरातल्या बायकांना. टोमणे त्यांचे, अबोला त्यांचा, इंग्रजी शिकवणाऱ्या मडमेच्या शिवाशिवीचा प्रश्नही त्यांचाच. न्यायमूर्ती दिवाणखान्यात देशाच्या प्रश्नांवर बोलत असतात, आणि त्या दिवाणखान्यात ठरलेल्या सुधारणेची किंमत माजघरात त्यांची बायको मुकाट्याने चुकवत असते. रमाबाई हे कुणावर दोष न ठेवता सांगतात, हा त्यांचा मोठेपणा म्हणून कौतुकाचा विषय होतो. माझ्या मते ती या लेखनाची मर्यादाही आहे. नवऱ्याला या माजघराची किती कल्पना होती आणि असली तर ते मध्ये का पडले नाहीत, हा प्रश्न लेखिका वाचकाला विचारू देत नाही. आदराचा पडदा तिथे फार जाड झाला आहे.

तरीही या पुस्तकाइतके बायकांच्या वेगळ्या जगाचे खरे वर्णन मराठीत क्वचितच सापडेल. पुरुष नसले की सत्ता नसते, हा गोड गैरसमज ते दूर करते. आमच्या स्टाफरूमलाही ते लागू आहे. शिक्षिका जास्त करून केरळच्या, काही तामिळ, गोव्याच्या, आम्ही तिघी मराठी. इथे ज्येष्ठतेची उतरंड आहे, खुर्च्या ठरलेल्या आहेत, नव्या मुलीने बाळंतपणाची रजा किती घेतली याचा हिशेब तोंडपाठ आहे. ताईसासूबाई कुठे भेटतील सांगता येत नाही!

पण जमेची बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या विभागात वेळापत्रक बाई करते, परीक्षा बाई चालवते, संगणकाची खोली बाई सांभाळते, पंप बिघडला तर माणूस बोलावून काम बाईच करून घेते. ‘हे सर बघतील’ म्हणायला सरच नाहीत. मुंबईत मी मिश्र शाळेत सहा वर्षे शिकवले. तिथे मुख्याध्यापकांसमोर तोंड न उघडणारी मी इथे विभागप्रमुख झाले. वर्गातही तेच. मुली हात वर करतात, चुकीचे उत्तर बिनधास्त देतात, फळ्यावर येऊन भांडतात. कुवेत विद्यापीठातही मुलींची संख्या निम्म्याहून बरीच जास्त आहे. वेगळे बसवले म्हणून त्या मागे पडल्या, असे म्हणता येत नाही.

मग तोटा कुठे? तोटा वर्गात दिसत नाही, तो वाटणीत दिसतो. आमच्या शाळेत पदार्थविज्ञानाची नवी प्रयोगशाळा झाली ती मुलांच्या इमारतीत. मुलींना आठवड्यातून एक दिवस, तोही मुले घरी गेल्यावर, शेवटचे दोन तास. वेगळी प्रयोगशाळा मागितली तर उत्तर आले, यंदा पैसे नाहीत, शिवाय इंजिनियरिंगला मुलेच जास्त जातात. हे उत्तर मला ओळखीचे वाटले. पुण्याच्या नगरपालिकेत 1920 च्या सुमारास सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद झाला, तेव्हाही हेच म्हटले गेले होते: पैसा अपुरा, तेव्हा आधी मुलगे, मुलींचे पुढे बघू. त्या वेळी बायकांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या याच रमाबाई. त्यांच्या आठवणींत हे नाही, कारण पुस्तक 1901 साली, न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी थांबते. आपण पुस्तक वाचतो आणि पुस्तकानंतरच्या रमाबाई विसरतो.

आमच्या प्रयोगशाळेचा प्रश्न सोडवण्याची एक सोपी वाट होती. एका सहकारी बाईंचे यजमान व्यवस्थापन समितीतल्या एका गृहस्थांकडे संध्याकाळी बसायला जात. ‘हे त्यांच्या कानावर घालतील,’ त्या म्हणाल्या. कुवेती समाजात पुरुषांच्या या बैठकीला दिवानिया म्हणतात. नोकऱ्या, निवडणुका, सोयरिकी, पुष्कळ गोष्टी तिथे ठरतात. आपला ‘दिवाणखाना’ आणि त्यांचा ‘दिवानिया’ एकाच ‘दीवान’ची लेकरे आहेत. आपण इथे आल्यावर ही संस्था शिकलो असे नाही. बरोबर घेऊनच आलो. पण यजमानांकरवी मागितलेली प्रयोगशाळा मिळाली असती, तर ती त्या यजमानांची मेहेरबानी ठरली असती, आणि पुढच्या वेळी ज्या बाईचे यजमान तिथे बसत नाहीत तिने काय करायचे?

आम्ही दुसरी वाट घेतली. वर्षभर नोंद ठेवली: मुलांना प्रयोगाचे तास आठवड्याला सहा, मुलींना दोन. पालकांच्या सह्या घेतल्या, अर्ज लेखी दिला, उत्तर लेखी मागितले. प्रयोगशाळा मिळाली नाही. दुसरा दिवस मिळाला. दोनाचे चार तास झाले. फार मोठा विजय नाही, पण त्या चार तासांवर कुणाचे उपकार नाहीत, आणि ती नोंदवही आता पुढच्या शिक्षिकेच्या कपाटात आहे.

नव्याने येणाऱ्या शिक्षिकांना म्हणूनच मी दोनतीन गोष्टी सांगते. भिंतीपलीकडच्या सहकाऱ्याशी होणारा प्रत्येक व्यवहार लेखी ठेवा. भिंत असेल तिथे तोंडी गोष्ट हरवते, आणि हरवते ती बहुधा आपल्याच बाजूची. दोन्ही विभागांची सामग्री, तास, सहली, बक्षिसे यांची तुलना दरवर्षी करा. पदोन्नतीच्या अटी नेमणुकीच्या वेळीच विचारा. आणि शाळेचे काम यजमानांच्या ओळखीने करून घेऊ नका. शिक्षक बंधूंनाही एक सांगणे. समितीच्या सभेत मुलींच्या विभागाचा विषय निघाला आणि तिथे एकही शिक्षिका नसेल, तर तो विषय पुढे ढकला म्हणणे तुमच्या हातात असते.

वेगळी संस्था चांगली की वाईट, हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. माजघराचा जाच सोसलेल्या रमाबाईंनी पुढे पुण्याच्या सेवासदनाचे काम केले, आणि तीही बायकांचीच संस्था होती. त्यांना बायकांच्या जगाबद्दल भाबडेपणा नव्हता. कर्व्यांच्या आश्रमातल्या पार्वतीबाई आठवले 1918 साली अमेरिकेला गेल्या, घरकाम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या. ‘माझी कहाणी’त त्यांनी हे लिहिले आहे. आश्रमाच्या भिंतीने त्यांना अडवले नाही, उलट बाहेर पडायचे बळ दिले. कसोटी ही असावी: आत शिकलेली बाई बाहेर कुठवर जाते, आणि आतल्या कामाचे निर्णय घेताना तिला विचारले जाते की नाही. पहिल्या अर्ध्या कसोटीवर कुवेतच्या मुलींच्या शाळा चांगल्या उतरतात. दुसऱ्या अर्ध्यावर आमची शाळा नापास आहे.

आणि आपली मंडळे? तिथे कोणताही कायदा नाही, कोणतेही मंत्रालय नाही. तरी गणेशोत्सवाच्या तयारीची सभा आठवून बघा. हॉलचे भाडे, जमाखर्च आणि पाहुणे कोण बोलवायचे हे एका खोलीत ठरते, आणि मोदक किती करायचे हे दुसऱ्या खोलीत. मधली भिंत कुवेत सरकारने बांधलेली नाही. येत्या वार्षिक सभेत हिशेबाचा कागद त्या दुसऱ्या खोलीतही वाचला जावा, अशी माझी सूचना आहे. ती मी कार्यकारिणीला लेखी पाठवली आहे.