नाममुद्रा कोणाची? : ब्लूज आणि ब्रिटिश रॉक

रोलिंग स्टोन्स, क्रीम, लेड झेपेलिन ही इंग्लंडमधील रॉक-वृंदांची नावे आपल्याकडील तरुण मंडळींसही परिचित असतात. विली डिक्सन, हाउलिंग वुल्फ, मडी वॉटर्स ही नावे मात्र क्वचितच कानी पडतात. वास्तविक पहिल्यांची गायकी दुसऱ्यांच्या पायावर उभी आहे. शिष्याने गुरूकडून घेतलेल्या विद्येचे पुढे काय केले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांचे गाणे. गुलामगिरीतून सुटलेल्यांचे जे वंशज मिसिसिपीच्या सखल प्रदेशात कापसाच्या मळ्यांवर राबत होते, त्यांच्यात ते वाढले. त्याची घडण साधी आहे. बहुधा तीन ओळींचे कडवे. पहिली ओळ दुसऱ्यांदा म्हणावयाची आणि तिसरीने तिला उत्तर द्यावयाचे. चार-चार मात्रांच्या बारा गटांत आवर्तन पुरे होते. गंधार, निषाद व कधी पंचमही किंचित उतरते लागतात. गिटारीच्या तारेवर काचेची नळी फिरवून काढलेल्या स्वरांत आपल्या कानांस मींडेचा भास होतो.

मळ्यावर राबणारा मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोस गेला. शहराच्या गोंगाटात आवाज पोहोचावा म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. 1958 मध्ये तो इंग्लंडात आला, तेव्हा त्या वाद्याचा दणदणाट काही श्रोत्यांस रुचला नाही. परंतु शिकागोच्या ध्वनिमुद्रिका मिळवून त्यांची पारायणे करणारी पोरे तेथे तयार होतच होती. त्यांतील काहींनी 1962 मध्ये वृंद उभारला आणि वॉटर्सच्या 1950 च्या एका गीतावरून त्यास ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव दिले.

या वृंदाचे ‘लिटल रेड रूस्टर’ ऐकावे. गीत डिक्सनचे, 1961 मध्ये ते वुल्फने गायिले होते. वुल्फच्या खरबरीत, भारदस्त कंठापुढे मिक जॅगरचा आवाज कोवळा वाटतो, हे मान्यच केले पाहिजे. तथापि या तरुणांनी मूळची संथ लय मोडली नाही आणि ब्रायन जोन्सच्या गिटारीने शब्दांमागची व्याकुळता राखली. 1964 च्या अखेरीस हे गीत इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढील वर्षी अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात वुल्फलाही गाऊ द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला; आणि तो गाऊ लागला तेव्हा ही मंडळी त्याच्या पायांशी बसून ऐकत होती.

याच्या उलट लेड झेपेलिनचे 1969 चे ‘होल लोटा लव्ह’. जिमी पेजच्या गिटारीचा तो जड, पुनःपुन्हा आदळणारा स्वरसमूह, जॉन बॉनमचा ताल, मधला विलक्षण ध्वनिखेळ, ही सारी त्या वृंदाची स्वतःची कमाई होय. या रचनेचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. परंतु शब्दांचा बराच भाग डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’ या गीतातून आला होता. ते वॉटर्सने 1962 मध्ये गायिले होते. ध्वनिमुद्रिकेवर मात्र वृंदातील चौघांचीच नावे छापली गेली. डिक्सनने 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली, आणि कर्त्यांच्या नामावळीत त्याचे नाव पुढे आले.

कोणी म्हणेल, ब्लूज-गायकही एकमेकांची कडवी उचलीतच असत. ते खरे आहे. परंतु ती समदुःखी शेजाऱ्यांमधील देवघेव होती. ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात कर्त्याच्या नावामागोमाग त्याचे मानधन चालते. नाव पुसले की भाकरीही जाते. स्किप जेम्सने 1931 मध्ये मुद्रित केलेले ‘आय एम सो ग्लॅड’ हे गीत क्रीमने 1966 मध्ये नव्या थाटात गायिले आणि कर्ता म्हणून त्याचेच नाव दिले. कर्करोगाने जर्जर झालेल्या त्या वृद्ध गायकास 1969 मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्या गीताचे मानधन मिळाले, ते त्या नावामुळेच.

आपल्या देवळांत भजन म्हणणारा गायक चाल आपली लावतो, आलाप आपले घेतो. परंतु अखेरच्या चरणातील संताची नाममुद्रा काढून तेथे स्वतःचे नाव घालीत नाही. त्यामुळे त्याच्या गायकीस उणेपणा येत नाही. ब्रिटिश रॉकने ब्लूजला नवे श्रोते मिळवून दिले, हे त्याचे श्रेय मोठे आहे. मात्र ज्यांनी मूळ कर्त्याचे नाव राखले, त्यांनी परंपरा पुढे नेली. ज्यांनी ते गाळले, त्यांच्या उत्तम रचनेवरही तो डाग राहिला. जिज्ञासूंनी वुल्फचे आणि स्टोन्सचे ‘रूस्टर’ लागोपाठ ऐकावे, आणि ऐकण्यापूर्वी कर्त्याचे नाव अवश्य वाचावे.