शेट बहरामजींचा जमाखर्च

कादंबरीत लढाया असतात, राजकारण असते, प्रेम तर असतेच असते. पण जकात, वटाव आणि गलबताचे भाडे यांवर कादंबरी उभी राहील, असे आपल्याकडे सहसा कोणी मानत नाही. आपली ऐतिहासिक कादंबरी गडावर रमते. वखारीत तिचा जीव गुदमरतो. तलवार निघाली की तिला कंठ फुटतो आणि तराजू दिसला की ती तोंड फिरवते. वस्तुतः मोठ्या राष्ट्रांनी एकमेकांच्या मानगुटीला हात घातला तो पुष्कळदा या तराजूपायीच.

२०१८ च्या जुलैत अमेरिकेने चिनी मालावर जादा जकात बसवली, चीनने लागलीच उलट जकात बसवली आणि ‘व्यापारयुद्ध’ हा शब्द वर्तमानपत्रांतून आपल्या घरात येऊन बसला. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने चिनी मालावर आणखी जकात लादली, आणि त्या वेळी कारण सांगितले ते फेंटानिल या मादक औषधाचे. ते बनविण्याची द्रव्ये चीनमधून येतात आणि आमची माणसे त्याने मरतात, असा तो आरोप होता. अमिताव घोष यांची अफूवरील कादंबरी-त्रयी ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही बातमी वाचताना क्षणभर थबकल्यासारखे झाले असेल. कारण सुमारे १८५ वर्षांपूर्वी याच गाऱ्हाण्याचा खेळ झाला होता. फक्त फिर्यादीच्या जागी तेव्हा चीन उभा होता आणि आरोपीच्या जागी त्या काळची सर्वांत बलाढ्य पाश्चात्त्य सत्ता. आणि त्या खेळात माल आपल्या देशातला होता.

‘सी ऑफ पॉपीज’ (२००८), ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) आणि ‘फ्लड ऑफ फायर’ (२०१५) हे या त्रयीचे तीन भाग. कादंबऱ्या इंग्रजीत आहेत, पण त्यांतले इंग्रजी भोजपुरी, बंगाली, खलाशांची मिश्र बोली आणि कँटनच्या बाजारातली मोडकीतोडकी भाषा यांनी इतके भरलेले आहे, की इंग्रज वाचकापेक्षा आपल्याच वाचकाला ते अधिक जवळचे वाटावे. या त्रयीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. २०१८ चा ज्ञानपीठ पुरस्कार घोष यांना मिळाला आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला तो प्रथमच मिळाला. तेव्हा कौतुकाची पुनरुक्ती करण्यापेक्षा एक प्रश्न विचारून पाहावा. राष्ट्राराष्ट्रांतल्या व्यापारी वैराचा न्याय कादंबरीकाराला करता येतो काय? आणि घोष यांनी तो कुठे केला, कुठे केला नाही?

प्रथम मूळ प्रकरण थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्लंडला चिनी चहाची चटक लागली होती. चीनला मात्र इंग्लंडच्या मालाची गरज वाटत नव्हती. १७९३ मध्ये मॅकार्टनीची वकिलात चिएनलुंग बादशहाने हात हलवीत परत पाठवली. चहाचे मोल चांदीत मोजावे लागे आणि ही चांदीची गळती इंग्रजांच्या डोळ्यांत सलत होती. ती थांबवायला जो माल सापडला तो अफूचा. ईस्ट इंडिया कंपनीने बिहार-बनारसकडे मक्त्याने अफू पिकवावी, कलकत्त्यात तिचा लिलाव करावा, आणि तिथून ती चीनमध्ये चोरून घालण्याचे काम खाजगी व्यापाऱ्यांनी करावे, अशी ही सोय होती. चीनमध्ये अफूला बंदी होती; पण कागदोपत्री कंपनीचे हात धुतल्या तांदळासारखे स्वच्छ! १८३३ च्या कायद्याने चीनच्या व्यापारातला कंपनीचा मक्ता संपला आणि खाजगी व्यापाऱ्यांना रान मोकळे झाले. १८३९ मध्ये बादशहाने पाठवलेला आयुक्त लिन झेश्यू कँटनला आला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेतल्या आणि जून महिन्यात मीठ व चुनकळी घालून ती सारी अफू नष्ट केली. पुढे युद्ध झाले. १८४० च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या प्रकरणावरून सरकारवर ठपका ठेवणारा ठराव आला. तरुण ग्लॅडस्टनने युद्धाला कडाडून विरोध केला, तरीही तो ठराव २६२ विरुद्ध २७१ अशा अवघ्या नऊ मतांनी फेटाळला गेला. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने इंग्रजांना हाँगकाँग मिळाले, पाच बंदरे उघडली गेली आणि २ कोटी १० लाख डॉलर चीनच्या माथी बसले.

हा इतिहास कोणत्याही ग्रंथात सापडेल. मग कादंबरीने निराळे काय दिले? तिने या रकमांच्या मागची माणसे दिली. पहिल्या भागातली दीती ही गाझीपूरजवळच्या खेड्यातली शेतकरीण आहे. तिच्या शेतात गहू-डाळीऐवजी खसखशीची फुले डुलतात. कारण अफूच्या आगाऊ पैशाचा फास गळ्यात पडला की तो सुटत नाही. तिचा नवरा गाझीपूरच्या अफूच्या कारखान्यात कामाला आहे आणि स्वतः अफूच्या आहारी गेला आहे. त्याला आणायला ती कारखान्यात जाते, ते प्रकरण या त्रयीतले एक अविस्मरणीय प्रकरण होय. हौदातल्या लगद्यात उभे राहून तो मळणारी माणसे आणि सांडपाणी पिऊन गुंगलेली माकडे पाहिली की कँटनमधल्या तोफांचा पहिला बार गंगेकाठीच भरला गेला, हे वेगळे सांगावे लागत नाही. घोष यांनी इथे भाषण केलेले नाही, नुसते दाखवले आहे.

तथापि त्रयीचा खरा प्राण दुसऱ्या भागात आहे, आणि तो आपल्या मुंबईचा आहे. शेट बहरामजी मोदी हा मूळचा नवसारीचा, गरिबीतून वर आलेला पारशी. जहाजे बांधणाऱ्या श्रीमंत मिस्त्री घराण्याचा तो जावई होतो; सासऱ्याच्या मनात नसताना त्याला चीनच्या व्यापारात उतरवतो आणि पैसा मिळवून दाखवतो. सासरा गेल्यावर मेहुणे व्यापार बंद करायला निघतात. तेव्हा आपली पत राखण्यासाठी बहराम सारी पुंजी अफूच्या एकाच खेपेत ओततो आणि ‘अनाहिता’ गलबत घेऊन नेमका १८३८ मध्ये, म्हणजे दैवाचे फासे उलटे पडायच्या वेळी, कँटनला पोहोचतो.

मुंबईत तो घरजावई आहे. कँटनच्या तेरा वखारींच्या त्या चिमुकल्या वस्तीत मात्र तो स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस आहे. तिथे एका चिनी स्त्रीवर त्याने प्रेम केले, तिच्यापासून त्याला मुलगा झाला. तो उदार आहे, खाण्यापिण्याचा शौकीन आहे, नोकरांना जीव लावणारा आहे. आणि तो विष विकतो. प्रवाह आपण काढलेला नाही, आपण त्यात केवळ होडी सोडली आहे, ही त्याची मनाची समजूत. पण ज्या चिनी माणसाच्या हातून त्याचा माल जाई, त्यालाच फाशी दिले जाते आणि ती समजूत आतून तडकू लागते. शेवटी माल जातो, पत जाते आणि माणूसही जातो.

बहरामच्या चित्रणात लेखकाने मोठे संयमाचे काम केले आहे. त्याने बहरामला माफ केलेले नाही आणि फटकेही मारलेले नाहीत. त्याची वही उघडून दोन्ही पाने आपल्यासमोर ठेवली आहेत. साम्राज्याच्या उतरंडीत हा माणूस इंग्रजांच्या खालचा आहे. व्यापाऱ्यांच्या समितीत त्याला खुर्ची आहे, पण नुकसानीची वेळ आली की त्याच्या पाठीशी आरमार उभे राहणार ते त्याच्यासाठी नव्हे. त्याच वेळी चिनी घरांच्या दृष्टीने तो इंग्रजांहून वेगळा नाही. भरडला जाणारा आणि भरडणारा एकाच अंगरख्यात असू शकतो, हे मराठीत फार थोड्या कादंबऱ्यांनी इतके सरळ दाखवले असेल.

आता उणिवांकडे वळू. बहरामला जो न्याय मिळाला, तो इंग्रज व्यापाऱ्यांना मिळालेला नाही. बर्नहॅम हा त्यांतला मुख्य. खुला व्यापार हा त्याच्या लेखी ईश्वरी नियम आहे आणि अफू विकणे हे जवळजवळ धर्मकार्य! असे बोलणारी माणसे त्या काळी खरोखरच होती, हे मान्य. पण बर्नहॅमला एका रात्रीपुरतीही झोप लागली नाही, असे कधी घडत नाही. त्याने तोंड उघडले की पुढचे वाक्य वाचकाला आधीच ठाऊक असते. यामुळे नुकसान होते ते बर्नहॅमचे नव्हे, कादंबरीचे. मोठ्या सत्तांचा अन्याय हा दुष्टांनी केलेला असता तर तो ओळखणे सोपे होते. तो बहुधा रविवारी देवळात जाणाऱ्या, मुलांना पत्रे लिहिणाऱ्या माणसांकडून होतो आणि म्हणूनच तो टिकतो. घोष यांना हे ठाऊक आहे. बहराम त्याची साक्ष आहे. मग इंग्रजांच्या बाबतीत त्यांनी सोपी वाट का धरली? चार्ल्स किंग या खऱ्याखुऱ्या अमेरिकन व्यापाऱ्याने अफूला हात लावण्याचे नाकारले होते. तो कादंबरीत येतो, विवेकाचे बोलतो. पण तोही एका बाजूचा दिवा होऊन राहतो. काळा आणि पांढरा असे दोनच रंग गोऱ्यांच्या वाट्याला आले आहेत.

दुसरी उणीव मराठी वाचकाला विशेष जाणवावी अशी आहे. दीतीचे शेत गंगेकाठी, बहरामची पेढी मुंबईला. परंतु मुंबईहून जाणारी अफू गंगेकाठची नव्हती, माळव्याची होती. आणि माळवा म्हणजे प्रामुख्याने शिंदे-होळकरांचा मुलूख. ही अफू कंपनीच्या मक्त्याबाहेरची. ती अडवण्याचा कंपनीने पुष्कळ प्रयत्न केला, तेव्हा माल आडवाटांनी पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि परवान्याची जकात घेऊन मुंबईचा रस्ता मोकळा केला. म्हणजे व्यापारयुद्ध केवळ लंडन आणि पेकिंग यांच्यात नव्हते. कलकत्ता आणि उज्जैन-इंदूर यांच्यातही एक लढाई चालू होती, आणि त्यात आपल्या सावकारांनी, अडत्यांनी कंपनीला चांगलेच झुंजवले. एवढे मोठे नाट्य त्रयीत जवळजवळ रंगमंचाबाहेर राहिले आहे. आपल्याला दीती मिळाली, तिची माळव्यातली बहीण मिळाली नाही. ‘स्मोक अँड ॲशेस’ (२०२३) या पुढच्या ग्रंथात घोष यांनी माळव्याचा विचार सविस्तर केला आहे. बिहारच्या शेतकऱ्याला मक्त्याने नागवले, तर पश्चिमेकडे पैसा देशी हातांत राहिला, हा भेद ते तिथे स्पष्ट मांडतात. पण तो निबंध आहे. कादंबरीत जे पात्र जन्मले नाही, त्याची भरपाई निबंधाने होत नाही.

बाकी किरकोळ दोष आहेत. शब्दांचा सोस कधी कधी इतका वाढतो की गोष्ट बाजूला उभी राहून वाट पाहते. तिसऱ्या भागात लढाईची वर्णने जोरकस आहेत. दीतीचा भाऊ केसरीसिंग हा इंग्रजांच्या फौजेतला हवालदार परक्या युद्धात परक्या भूमीवर उतरतो, ते वाचताना घशाशी आवंढा येतो. मात्र त्याच भागातली काही प्रकरणे घरात मंडळी जमवून मोठ्याने वाचण्याजोगी नाहीत, हेही सांगून ठेवावे.

मग न्यायाच्या प्रश्नाचे काय? मला वाटते, घोष यांनी तो अर्धा सोडवला आहे, आणि उरलेला अर्धा आपल्याकडे सोपवला आहे. १८४२ साली नानकिंगचा तह झाला. त्याच वर्षी मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. ती मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. चीनच्या व्यापारातून, कापसातून आणि अफूतून, त्यांनी अमाप धन मिळवले आणि ते मोकळ्या हाताने दिले. जे. जे. रुग्णालयात किती गोरगरिबांचे प्राण वाचले असतील याची गणती नाही, आणि जे. जे. कलाशाळेने या देशाला किती चित्रकार दिले! हे पुण्य खोटे नव्हे. पण वहीला दुसरे पान होते आणि ते कँटनच्या अफूच्या अड्ड्यांत लिहिले गेले, हेही खोटे नव्हे. मुंबईकर वाचकाने ही त्रयी वाचताना ‘इंग्रजांनी चीनवर केवढा अन्याय केला’ एवढे म्हणून पुस्तक मिटले, तर त्याने अर्धीच कादंबरी वाचली.

दिवाळीत नव्या वहीवर कुंकवाने दोन शब्द काढतात: शुभ आणि लाभ. आधी शुभ, मग लाभ, हा क्रम काढणाऱ्याने विचारपूर्वक लावला असावा. मोठी राष्ट्रे भांडू लागली की दोन्ही बाजूंना शुभाची आठवण होते. कोणी खुल्या व्यापाराचे नाव घेतो, कोणी आपल्या प्रजेच्या आरोग्याचे, कोणी राष्ट्राच्या सुरक्षिततेचे. यांतले एखादे कारण खरेही असते. लिनचे खरे होते. पण कोणते खरे आणि कोणते लाभावर टाकलेले पांघरूण, हे जाहीरनाम्यावरून कळत नाही. ते दीतीच्या शेतावरून आणि बहरामच्या झोपेवरून कळते. ती नजर देणारे पुस्तक सदोष असले तरी संग्रही असावे.

सुट्टीत तिन्ही भाग होणे कठीण. पण एकच वाचायचा झाला तर मधला वाचावा. पहिला न वाचताही तो समजतो, आणि तो वाचल्यावर पहिला आपण होऊनच हाती घेतला जातो.