कौशल्यवाचक मराठी शब्दांतील प्रतिष्ठेची उतरंड : एक चिकित्सा

प्रस्तावना

पर्यायी शब्दांच्या यादीत कुशल, प्रवीण, निपुण, निष्णात, पारंगत, वाकबगार, तरबेज, कसबी, पटाईत आणि सराईत हे शब्द सामान्यतः एकाच ओळीत दिलेले आढळतात. त्यावरून यांपैकी कोणताही शब्द कोठेही योजता येतो, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. प्रत्यक्ष भाषाव्यवहार मात्र वेगळा आहे. शल्यचिकित्सक निष्णात असतो, सुतार कसबी असतो आणि गुन्हेगार सराईत असतो. या विशेषणांची अदलाबदल केल्यास वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते, तरीही ते कानाला खटकते. हे खटकणे केवळ सवयीचे आहे की त्यामागे सामाजिक प्रतिष्ठेची एखादी उतरंड आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात मुख्यतः कोल्हापूर परिसरातील उदाहरणांच्या आधारे घेतला आहे.

व्युत्पत्ती आणि रूढी

आज विद्वत्तेचे निदर्शक मानले जाणारे अनेक संस्कृत शब्द परंपरागत व्युत्पत्तीनुसार अत्यंत मूर्त अशा क्रियांतून आलेले आहेत. ‘प्रवीण’ म्हणजे वीणावादनात श्रेष्ठ, ‘निष्णात’ म्हणजे त्या विषयात न्हालेला आणि ‘पारंगत’ म्हणजे पैलतीरास पोहोचलेला. ‘कुशल’ म्हणजे तर कुश नावाचे धारदार गवत हात न कापता आणणारा. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हाच शब्द रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला आहे. कामात कुशल असणाऱ्याजवळ कुश नसतात, म्हणून मूळ अर्थ बाधित होतो आणि रूढीने ‘दक्ष’ हा अर्थ लाभतो, असे त्याचे म्हणणे. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाला हे मान्य नाही. शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि त्याची प्रवृत्ती वेगळी. ‘दक्ष’ हाच कुशल शब्दाचा मुख्यार्थ होय. तसे न मानल्यास गमनार्थक धातूपासून सिद्ध झालेला ‘गौ’ हा शब्द झोपलेल्या गाईला लावतानाही लक्षणा मानावी लागेल, असा त्याचा युक्तिवाद आहे.

या वादात विश्वनाथाची बाजू अधिक सबळ वाटते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून निघणारा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. गवत कापणाऱ्या हाताचे स्मरण ज्या शब्दात होते, तो शब्द हाताने काम करणाऱ्यापासून दूर कसा गेला?

फारसी-अरबी शब्दांचा वाटा

वाकबगार, हुन्नर, कसब, माहीर, कारागीर, लायक हे शब्द फारसी-अरबी संपर्कातून मराठीत रुळले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या माधव जूलियन यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९३८ मध्ये त्यांनीच ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. एकाच विद्वानाचे हे दोन ग्रंथ म्हणजे या प्रश्नाची दोन टोके होत. फारसी शब्द मराठीच्या अंगात किती मुरले आहेत, याची जाणीव एका टोकाला आहे. त्यांच्या जागी स्वकीय शब्द यावेत, हा आग्रह दुसऱ्या टोकाला.

मात्र शुद्धीच्या दृष्टीने विचार केल्यास ‘कसब’ आणि ‘कौशल्य’ यांतील भेद केवळ मुळाचा ठरतो आणि अर्थाचा भेद नजरेआड होतो. अरबीत ‘कस्ब’ म्हणजे कमाई. हाताने मिळवलेले आणि ज्यावर पोट चालते ते कसब. ही उपजीविकेची छटा ‘कौशल्य’ या शब्दात नाही.

तथापि संस्कृत शब्द प्रतिष्ठित आणि फारसी शब्द हीन, असे सरळ समीकरणही टिकत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात गायनही बहरले आणि कुस्तीही. दरबारी गायक अल्लादिया खाँ यांच्यासारख्या कलावंताच्या नावामागे ‘उस्ताद’ लागते, तर तालमीत शिकवणारा ‘वस्ताद’ असतो. मूळ फारसी शब्द एकच आहे. ‘उस्ताद’ मैफलीत गेला आणि आदरार्थीच राहिला. खासबाग मैदानाच्या या नगरीत ‘वस्ताद’ हे तालमीपुरते मानाचे पद आहे. तालमीबाहेर मात्र “तो मोठा वस्ताद आहे” याचा अर्थ ‘तो धूर्त आहे’ असा होतो. इंग्रजीतही ‘क्राफ्टी’ आणि ‘कनिंग’ हे शब्द कसब आणि जाणतेपण या अर्थांवरून लबाडीपर्यंत घसरलेले आहेत. यावरून शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या कुळापेक्षा तो कोणाच्या तोंडी आणि कोणत्या कामाला लागतो यावर ठरते, असे म्हणता येईल.

लिंगभेदाने होणारा अर्थभेद

हीच गोष्ट लिंगभेदातून अधिक तीव्रतेने दिसते. ‘कसबी’ पुरुष म्हणजे वाखाणण्याजोगा कारागीर. ‘कसबीण’ म्हणजे मात्र वेश्या. ‘कलावंत’ हा गौरव आणि ‘कलावंतीण’ हा दीर्घकाळ कलंक. स्त्रीने आपल्या कलेवर पोट भरणे समाजाने कोणत्या दृष्टीने पाहिले, याची नोंद या प्रत्ययांत राहिली आहे. पर्यायी शब्दांची कोणतीही यादी ही नोंद दाखवीत नाही.

‘कौशल्य’ : एक सपाट भाषांतर

गेल्या काही वर्षांत ‘स्किल’ या इंग्रजी शब्दाचा अधिकृत प्रतिशब्द म्हणून ‘कौशल्य’ सर्वत्र स्थिरावला आहे. केंद्रात २०१४ मध्ये कौशल्य विकासासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतही कौशल्याधारित विषय आले. एका दृष्टीने हे स्वागतार्ह आहे, कारण हाताच्या कामाला संस्कृत शब्दाची प्रतिष्ठा पुन्हा लाभली. परंतु शब्दातून पुसलेली उतरंड वर्गीकरणातून परत येते. वेतन संहिता, २०१९ मध्ये किमान वेतनाच्या संदर्भात कामगारांचे अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल असे वर्ग मानले आहेत. वेतन ठरविण्यास काही मापदंड लागतो, हे मान्य करावे लागेल. तथापि ‘अकुशल’ हे विशेषण कामावरून माणसाला चिकटते, हे भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

आपल्या परिसरातील गुऱ्हाळघरातला गुळव्या येथे विचारात घ्यावा. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा फेस आणि रंग पाहून, पाकाचे थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते की नाही हे अजमावून तो काहील उतरवण्याचा क्षण ठरवतो. थोडे लवकर झाले तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. २०१४ मध्ये कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हा निर्णयही आहे. या जाणतेपणाला मराठीत हातोटी, हातखंडा, हात बसणे असे समर्पक शब्दप्रयोग आहेत. त्यांतील ‘हात’ हा गौण अवयव नसून ज्ञानाचे स्थान आहे. ‘कौशल्य’ या एकाच शब्दात ही जाण मावत नाही.

समारोप

क्षमता, कुवत, वकूब आणि आवाका हे शब्द माणसाच्या मर्यादेविषयी बोलतात; कसब आणि हातोटी सरावाने मिळवलेल्याविषयी; पात्रता आणि लायकी इतरांनी दिलेल्या मान्यतेविषयी. म्हणूनच ‘लायकी काढणे’ हा अपमान ठरतो, ‘कसब दाखवणे’ ठरत नाही. विद्यार्थ्याच्या मूल्यमापनात आपण या तीन गोष्टी एकाच ‘कौशल्य’ या रकान्यात भरू लागलो, तर सराव कमी पडलेल्या विद्यार्थ्याची कुवतच कमी आहे, असा निवाडा नकळत दिला जाण्याचा धोका आहे. तेव्हा भाषाशिक्षकाने पर्यायी शब्द शिकवताना त्यांचे साम्य सांगून थांबू नये. कोणता शब्द कोणाला लावला जातो आणि कोणाला नाकारला जातो, हेही वर्गात विचारावे. ‘निष्णात सुतार’ हा शब्दप्रयोग अजून का खटकतो, या एका प्रश्नाने ती चर्चा सुरू करता येईल.