निळा सदरा आणि मैदान

१६ एप्रिल २०२३, रविवार. वानखेडेवर मुंबई इंडियन्सचा कोलकात्याशी सामना होता. प्रेक्षागारात ३६ स्वयंसेवी संस्थांनी आणलेल्या सुमारे १९,००० मुली निळे सदरे घालून बसल्या होत्या. संघमालकांच्या रिलायन्स फाउंडेशनचा 'एज्युकेशन अँड स्पोर्ट्स फॉर ऑल' हा उपक्रम २०१० पासूनचा.

त्या मुलींचा आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही. माझ्या बापाने हे स्टेडियम आतून कधी पाहिले नाही. प्रश्न आनंदाचा नाही, नात्याचा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायला लावते. म्हणजे हे देणे आहे. पडद्यावर मात्र ते दान म्हणून दिसते. देणेकऱ्याकडे हिशेब मागता येतो, दात्याचे फक्त आभार मानायचे असतात!

आणि क्रिकेटमध्ये आपल्या माणसांना आभार मानून काय मिळाले? पुण्यात बाळू पालवणकर हिंदूंसाठी बळी घेत, आणि त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांच्या भावांनी अन्यायाविरुद्ध खेळायलाच नकार दिला. १९२३ साली त्यांतले विठ्ठल कर्णधार झाले. ते कोणी बहाल केले नव्हते.

हे सारे मी वर्गात सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, सोमवारी त्या मुली कुठं खेळल्या?"